रझियाआपाचा धुक्यातला फोटो

अकोला

वऱ्हाडात पाहुण्याचं स्वागत 'काहून आली?', म्हणजे 'कशाला आलीस?', या प्रश्नाने होतं. पुण्यात कोणी दारात उभं राहून मला असं विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे रिक्षा वळवली असती. अकोल्यात कुसुममावशीने तो प्रश्न विचारला, उत्तराची वाट न पाहता माझी बॅग हातातून ओढून घेतली, आणि मी चप्पल काढून आत येईपर्यंत ताटात भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढून तयार होता. माझी आई याच मातीतली. पण लग्नानंतर पुण्यात येऊन तिने आपली भाषा धुऊन, इस्त्री करून घेतली. धाकट्या बहिणीने, म्हणजे मावशीने, ती होती तशीच ठेवली.

मी आले होते मावशीबरोबर अचलपूरला जायला. मावशीने आपली सगळी नोकरी अचलपूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. तिथे गणित शिकवायला रझियाआपा होत्या. दोघींची मैत्री अशी, की मधल्या सुट्टीत एकीचा डबा दुसरीने खाल्ला नाही तर शाळेत अफवा उठायची. निवृत्तीनंतर मावशी अकोल्याला आली. येताना तिने स्वतःसाठी एक डिजिटल कॅमेरा घेतला. काळा, तळहातात मावणारा, बटण दाबलं की नाक पुढे काढणारा. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, आपांच्या अंगणातल्या सीताफळाला फळं धरली की मावशी अचलपूरला जाते आणि झाडाखालच्या बाजेवर आपांना बसवून एक फोटो काढते. आपा तो मोठा करून, चौकटीत घालून भिंतीवर लावतात. हा सोहळा मला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. शिवाय पुढे चिखलदरा होतंच.

"मी नाई येत," मावशी पिठलं वाढता वाढता म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाई येत. तू जाय. आपाले माहा सलाम सांग. कॅमेरा कपाटात ठेवून दिला मी आता."

"मावशी, झालं काय?"

"माहे हात थरथरते आता. डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मागच्या साली आपाचा फोटो असा आला, जसं कोणी तिले दुधात बुडवून काढलं. त्याच्या मागच्या सालीही तसाच. आपा एका शब्दानं बोलली नाई. बोलली असती तं बरं झालं असतं." तिने ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "जी बाई दुसऱ्याले नीट पाहू शकत नाई, तिनं फोटो काहून काढावा?"

हे ऐकल्यावर ठेचा गोड लागला असता तरी मला कळलं नसतं. मावशी हौशी कलाकार आहे. मीही आहे, पण मी नाटकातली, त्यामुळे माझी हौस आवाज करते. तिची गप्प असते. म्हणूनच ती गप्पपणे संपवली जात होती, कपाटात, साड्यांच्या मागे.

"कॅमेरा आण," मी म्हणाले.

"नाई."

"मावशी, आण. नाहीतर मी इथे बसून नाटकातलं रडणं रडेन. शेजारी येतील."

शेजारी येतील या धमकीपुढे वऱ्हाड असो की पुणे, सगळे सारखेच. कॅमेरा आला. मी तो चालू केला. समोरची दोन काळी पाती पापण्यांसारखी उघडली, नाक पुढे आलं, आणि मी मावशीचा फोटो काढला. स्क्रीनवर मावशी होती, पण धुरात. जणू ती चुलीपुढे बसली होती आणि चूल फुंकणारं कोणी नव्हतं.

मला फार आनंद झाला. "मावशी! माझे हात थरथरतात का?"

"तुहे काहून थरथरतीन? म्हशीसारखी धट्टीकट्टी हायेस."

"मग माझाही फोटो असाच आला की!"

मावशी विचारात पडली. मी लगेच दुसरा प्रयोग मांडला. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरणीवर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. कोणाचा हात नाही, कोणाचा डोळा नाही. खट्. आम्ही दोघी धुरात.

"बघ," मी म्हणाले, "बरणीला मोतीबिंदू नाही. दोष कॅमेऱ्यात आहे, तुझ्यात नाही."

"कॅमेऱ्याले माह्या हाताची सवय लागली असंल," मावशी म्हणाली. "बैलाले लागते तशी."

आता अशा बाईशी पुराव्याने कोण भांडणार? मी सरळ पैज लावली. कॅमेरा मी घेऊन जाते. तो नीट केला, तर मावशीने पहिली एसटी पकडून अचलपूरला यायचं आणि आपांचा फोटो स्वतः काढायचा. नाही झाला, तर कॅमेरा कायमचा साड्यांच्या मागे.

तुम्ही म्हणाल, फोन होता ना? होता. चांगला होता. पण प्रश्न फोटोचा नव्हताच, मावशीचा होता.

निघताना तिने माझ्या हातावर दही दिलं, कॅमेऱ्यावरून हात फिरवला आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, निरोप घेते आहे.

अमरावती

अमरावतीत मला दोन गोष्टी करायच्या होत्या. कॅमेरा दाखवायचा होता आणि गिलावडा खायचा होता. क्रम मी कर्तव्यबुद्धीने ठरवला आणि त्याचा पश्चात्ताप झाला.

बाजारातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेले. आता तिथे लग्नाचे अल्बम आणि पासपोर्टचे फोटो होतात. मालक गोरे, गोल, आणि कोणत्याही प्रश्नाला आधी निदान आणि मग तपासणी करणारे. मी कॅमेरा काचेवर ठेवला, तोच ते म्हणाले, "सेन्सर थकला."

"अजून चालू केला नाही मी."

"वय पाहा ना, मॅडम. थकंलच." मग त्यांनी चालू करून पाहिला. "हा फुलाचा निशाण लावला कोणी? हे जवळच्या फोटोसाठी असते." ते काढलं. फोटो धुरकट. "आयएसओ लय वर ठेवला." तो खाली आणला. फोटो धुरकट. "साइज लहान आहे. मोठी करा." मोठी केली. आता मोठा धुरकट फोटो आला. कार्ड बदललं. धूर नव्या कार्डातही आला, त्याला काही फरक पडला नाही.

"म्हटलं होतं ना," ते समाधानाने म्हणाले, "सेन्सर." आणि हे म्हणता म्हणता केवळ सवयीने, चष्मा पुसावा तसं, खिशातल्या मऊ फडक्याने त्यांनी भिंगाची काच पुसली.

मी त्यांचा फोटो काढला. काय सांगू! शर्टाच्या बटणांची भोकं दिसत होती. मिशीतला एकुलता पांढरा केस दिसत होता. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि सेन्सरबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

"म्हणजे काच मळली होती एवढंच!" मी जाहीर केलं, कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला आणि विजयी मुद्रेने गिलावड्यासमोर जाऊन बसले. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: दह्यात भिजून भिजून इतका मऊ झालेला वडा, की चमच्याचा धाक दाखवला तरी दोन तुकडे होतो. वर तिखट, वर आंबटगोड चटणी. पुण्यात दहीवडा सभ्य असतो, मधोमध बसतो. हा बशीभर पसरून मोकळा असतो. मी मावशीला पुरावा पाठवावा म्हणून त्याचा फोटो काढला.

ढगातला चंद्र आला.

मी स्टुडिओत परत गेले. मालकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, माह्याजवळ होता तोवर चांगला होता. तुमच्याजवळ गेला का बिघडते. राग नका मानू, पण तुमचा हात जड आहे."

मावशीचा हात थरथरतो, माझा जड आहे. या कॅमेऱ्याला हातच नको होते बहुतेक. मी माझा रुमाल काढून काच घासली. रुमालाला करडा डाग पडला. रस्त्याची धूळ, मी मनाशी म्हटलं, आणि परतवाड्याची बस पकडली. हा डाग लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

अचलपूर

परतवाडा आणि अचलपूर ही जुळी गावं. बसस्टँड परतवाड्याला. तिथून रिक्षाने जुन्या अचलपुरात शिरलं की रस्ते अरुंद आणि माणसं ऐसपैस होतात. कुठे आपांचं घर, असं विचारलं तर चौघांनी चार दिशा दाखवल्या आणि चौघांनी सांगितलं, "गणितवाल्या आपा ना? आमाले मारलं त्यांनी." हे फार प्रेमाने सांगितलं जात होतं.

रझियाआपा दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, पांढऱ्या ओढणीतून कपाळावर पांढरे केस, डोळ्यांत काजळाची बारीक रेघ.

"आओ बेटा. कुसुम कुठं? रिक्षावाल्याले पैसे देऊन राहिली का?"

"ती आली नाही, आपा. तिचा सलाम आहे."

आपांनी रिक्षाकडे पुन्हा एकदा पाहिलं, जणू मावशी सीटखाली लपली असेल. मग मला आत घेतलं.

आतल्या बोळीतच ती भिंत होती. आपा, आपा आणि आपा. प्रत्येक चौकटीत तेच झाड, तीच बाज. पहिल्या फोटोत केस काळे, पुढे मीठ-मिरी, पुढे पांढरे. एका वर्षी मांडीवर मांजर, पुढच्या वर्षी तीच मांजर जाडी झालेली. सगळे फोटो असे स्वच्छ की पानांच्या शिरा मोजाव्या. शेवटचे दोन मात्र मावशीने सांगितलेले. आपा दुधात.

"हे काढून टाकले नाहीत तुम्ही?" मी विचारलं.

"काहून काढू? कुसुमनं काढले ना." आपा हसल्या. "एक नवा गॅसवाला आला होता. हा शेवटचा फोटो पाहून मलेच विचारते, 'आपा कधी गेल्या हो?' मी म्हटलं, अजून जायच्या आहेत बाबा, तू सिलिंडर ठेव."

त्या फोटोच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. रिकामा. आपांनी माझी नजर पाहिली.

"या सालचा," त्या म्हणाल्या. "सच सांग बेटा. तबियत बरी आहे ना तिची?"

मग मी सगळं सांगितलं. हात, डोळा, कपाट, बरणी, पैज. आपांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला आधी दुःख वाटलं. तो राग होता.

"बेवकूफ बाई! फोटो खराब आला म्हणून माह्या घरी नाई येत? मी काय फोटोसाठी बोलावतो का तिले? बोलली नाई मी, कारण तिले वाईट वाटलं असतं. आन् ती न बोलल्यानंच नाराज झाली! चाळीस वर्षं झाली, अजून हिचा हिशोब मले जमला नाई."

जेवायला आपांनी स्वतःसाठी खिमा केला होता. माझ्यापुढे वेगळ्या पितळी कढईतलं वांग्याचं भरीत आलं. ती कढई, तो पळीडाव, ती दोन ताटं, सगळं एका वेगळ्या फळीवर असतं. मावशी मांसमच्छी खात नाही म्हणून आपांनी तिच्यासाठी मांडलेला हा संसार. मावशी येते वर्षातून एकदा, फळी पुसली जाते रोज. पुण्यात पाहुण्यांसाठी वेगळं चादरीचं कपाट असतं, पण कढई कोणी ठेवलेली मला आठवत नाही.

जेवणानंतर मी कॅमेरा काढला. "आपा, मी एक काढून पाहू का तुमचा?"

"नाई." आपांनी बाजेवरची गोधडी घडी करून टाकली. "मी बसतो ते तिच्यासमोर. तुले तपासायचा असंल तर चिखलदऱ्याले जा. तिथल्या दऱ्यांले फरक पडत नाई, कशा दिसतात त्याचा. पहले इसको ठीक कर, फिर आ."

चिखलदरा

कॅमेऱ्याचा धूर तपासायला चिखलदऱ्याला जाणं म्हणजे कान तपासायला ढोलपथकात उभं राहणं. हे मला घाटात कळलं. सागाची झाडं एकेक करून ढगात शिरत होती आणि बाहेर येत नव्हती. वर पोचले तेव्हा समोर दरी असल्याचं फक्त पाटीवर लिहिलं होतं.

पण काय थंडावा! अकोल्याच्या उन्हात दोन दिवस भाजून निघालेल्या माझ्यासारखीला ते ढग अंगावर घ्यावेसे वाटले. मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं होती. फांद्यांना हिरवे मणी लगडलेले. मी पाच मिनिटं त्यांच्यापुढे उभी राहून कॉफीची स्वप्नं पाहिली आणि मग टपरीवर गेले. टपरीवर चहा होता. फक्त चहा. टपरीवाला बारीक, कानटोपी घातलेला, आणि माझ्या कामात मनापासून रस घेणारा.

मी रुमालाने काच पुसली, दरीकडे कॅमेरा धरला. पांढरं.

"बाई, कॅमेऱ्याची काही चूक नाई," टपरीवाला म्हणाला. "ढग आला."

आम्ही दोघं ढग जायची वाट पाहत बसलो. चहा झाला, भजी झाली. मग कोणी पडदा दोरीने ओढावा तशी दरी उघडली. मी रंगमंचावर तीस वर्षं वावरले, पण असा पडदा उघडलेला पाहिला नाही. खाली हिरव्यावर हिरवं, त्यावर ढगांच्या सावल्या चालताहेत, आणि कड्यावरून पाण्याची एक बारीक रेघ. मी उठले, कॅमेरा धरला. तो एव्हाना झोपला होता. पाच मिनिटं हात लावला नाही की हा आपोआप डोळे मिटतो. मी चालू केला आणि फोटो काढला.

टपरीवाल्याने स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. समोरच्या लख्ख दरीकडे पाहिलं. पुन्हा स्क्रीनकडे. "आता ढग कॅमेऱ्यातच गेला," तो म्हणाला.

"पण मी पुसला होता! तुमच्यासमोर पुसला!"

"हाव. पुसला तवा जागा होता. मंग तो झोपला, तुमी भजी खाल्ली."

मी भजीचा तुकडा खाली ठेवला. पुन्हा पुसला. फोटो काढला. सुंदर! दरीतलं प्रत्येक झाड सुटं. लगेच दुसरा काढला. सुंदर. तिसरा. सुंदर. मग मुद्दाम बटण दाबून कॅमेरा बंद केला, नाक आत गेलं, पापण्या मिटल्या. चालू केला. काढला. धूर!

"झोपला की बिघडतो!" मी बाकावर उभी राहून ओरडले. माझा आवाज शेवटच्या रांगेसाठी तयार केलेला आहे. तो दरीत गेला आणि परत आला. दरीने आणि टपरीवाल्याने एकाच वेळी मान्य केलं. अमरावतीतल्या मालकांकडे कॅमेरा चालूच होता, म्हणून चांगला होता. मी बंद करून पिशवीत टाकला आणि गिलावड्याचा चंद्र झाला. हात जड नव्हता, डोळे मिटत होते. म्हणजे डोळे मिटताना कसलातरी लेप काचेवर बसत होता. पुसावा, मिटावा, पुन्हा लेप.

पण लेप कसला? सुती रुमाल आता अर्धा करडा झाला होता. मी तो ढगाकडे धरून पाहिला. धूळ अशी बोटाला चिकटत नाही.

"बाई," टपरीवाला म्हणाला, "खाली उतरा. बाक मोडते."

पुन्हा अचलपूर

आपा अंगणात बाजेवर बसून सीताफळं निवडत होत्या. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, चिखलदऱ्यात केलेला अभिनय इथे थोडा वाढवून. आपांनी हात ओढणीला पुसले, कॅमेरा घेतला, मिटलेल्या पापण्यांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू तो नाकाशी नेला.

गणित शिकवणाऱ्या बाईचा चेहरा उत्तर सुटताना कसा होत असेल, ते मी पाहिलं.

"एरंडेल," त्या म्हणाल्या. "आन् तूप." आणि त्यांनी तो काळा अंगठा माझ्यापुढे धरला. "हे माह्या डोळ्यात आहे बेटा. दर साली डबी भरून आणून देते मले. कुसुमचं काजळ आहे हे."

"काजळ? कॅमेऱ्याला?"

आपा आधी हसल्या नाहीत. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्या बाजेवर आडव्या झाल्या. "तीट लावली तिनं! कॅमेऱ्याले तीट लावली! नजर लागू नये म्हणून! अल्ला, भूगोल शिकवणारी बाई!"

कॅमेरा काळा, पापण्या काळ्या, काजळ काळं. दिसणार कसं? आणि फोटो काढणारा माणूस असतो मागे. कॅमेऱ्याच्या तोंडासमोर जाऊन पाहतो कोण? दर वेळी पापण्या उघडत होत्या, मिटत होत्या आणि आपल्या कडांनी ते तुपाळ काजळ काचेवर सारवत होत्या. मी फक्त काच पुसत होते. काजळ पापण्यांत होतं.

मी फोन लावला. आपांनी तो मोठ्याने बोलता करून बाजेवर मधोमध ठेवला.

"मावशी, तू कॅमेऱ्याला तीट लावतेस?"

पलीकडून मावशी फणकारली, "मंग? लावू नाई? शेजारच्या बाईनं गणपतीचे फोटो पाहिले आन् म्हणे, 'वा वं, काय फोटो निघते या डबीतून!' त्याच आठवड्यात एक फोटो हालला. मंग लावली."

"आणि मग?"

"मंग अजून खराब यायला लागले. म्हणून दर शनिवारी लावली."

"मावशी! काजळामुळेच खराब येत होते!"

"काही नको सांगू. नजर जबर होती, म्हणून काजळ पुरलं नाई."

आता आपांनी फोन तोंडाशी धरला. "कुसुम. तुहे हात ठीक आहेत. डोळे ठीक आहेत. फक्त डोकं खराब आहे, ते मले पहलेपासून माहीत आहे. खिळा रिकामा आहे. येतं का नाई?"

आपांनी फोन कानाला लावला नाही, तसाच हातात धरून झाडाकडे पाहत राहिल्या.

"वांग्याचं भरीत केलं का?" पलीकडून आवाज आला.

"कढई काढून ठेवली."

"सकाळच्या गाडीनं येऊन राहिली मी."

आपांच्या औषधाच्या पेटीत स्पिरिट होतं. कानाची काडी त्यात जरा बुडवून, झटकून, मी पापण्यांच्या कडा पुसत बसले. मिटायच्या, पुसायच्या, उघडायच्या, पुसायच्या. काडी काळी व्हायची थांबेपर्यंत. शेवटी काच. तुमच्याकडे असा जुना कॅमेरा असेल तर माझं ऐका: आधी सेन्सरला दोष देऊ नका, आणि थेंब कधी थेट कॅमेऱ्यावर टाकू नका. आणि घरात कोणी मायाळू बाई असेल तर तिच्याकडे चौकशी करा.

सकाळी मावशी आली. दारात दोघींची भेट पाहण्यासारखी होती, कारण ती भेट नव्हतीच. "काहून आली?" आपांनी विचारलं. "तुहं तोंड पाहायले," मावशी म्हणाली आणि सरळ आत जाऊन फळीवरची कढई चुलीवर आहे की नाही ते पाहून आली.

मग आपा बाजेवर बसल्या. ओढणी सारखी केली. मागे सीताफळाचं झाड, फळांचे डोळे उघडायला लागलेले. मावशीने कॅमेरा हातात घेतला. तिचा हात थरथरत होता. खरंच थरथरत होता, मी खोटं का सांगू? मी जवळ जाणार, तोच तिने दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट दाबली, श्वास धरला आणि तिचे हात शांत झाले. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. इतकी वर्षं ती तसाच फोटो काढत आली होती.

खट्.

तिने स्क्रीनकडे पाहिलं. मान वर केली नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ, मग दुसऱ्या डोळ्याजवळ, असं आलटून पालटून पाहत राहिली. पानांच्या शिरा होत्या. ओढणीचा धागा होता. आपांच्या डोळ्यांतली काजळाची रेघ होती, केसाएवढी, स्वच्छ.

"दाखव," आपा म्हणाल्या. मावशीने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसली. आपांनी फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. अजून मोठा केला. त्यांचा चेहरा बदलला.

"कुसुम, मी इतकी बुढी कधी झाली?"

"दोन सालात झाली. धूर होता म्हणून तुले समजलं नाई."

"या सगळ्या सुरकुत्या माह्या?"

"मंग काय माह्या?"

आपांनी उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे पाहिलं, दुधातल्या त्या दोन फोटोंकडे. मग मावशीकडे वळून, अगदी लाडात येऊन म्हणाल्या, "थोडं काजळ लाव ना त्याले."

मावशीचा हात पर्समधल्या डबीकडे गेला. मी कॅमेरा हिसकावला, छातीशी धरला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पळाले.